दुर्बिणीच्या पोटातील इतिहास

संपादिकाबाईंनी “यंदा काही तरी ऐतिहासिक लिहा” असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी राणी किंवा एखादा किल्ला असावा. मी विषय निवडला आहे तो मात्र आपल्या मंडळाच्या कपाटावर ठेवलेल्या दुर्बिणीचा. इतिहास म्हटला की तो दगडी भिंतींतच असतो असे नाही. काही हजार रुपयांना मिळणाऱ्या एका नळीत चारशे वर्षांचा इतिहास अगदी क्रमाने मांडून ठेवलेला असतो. फक्त ती नळी उघडून पाहावयास हवी.

अशी दुर्बीण पुष्कळ घरांत असते. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने आणलेली, दोन रात्री गच्चीवर मिरवलेली, आणि तिसऱ्या रात्रीपासून माळ्यावर गेलेली. “काही दिसत नाही हो त्यातून,” हे तिच्यावरचे शेवटचे मत. वास्तविक दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो. आत काय आहे आणि ते तेथे का आहे, हे कुणी सांगितलेले नसते एवढेच. शिवणयंत्राची बॉबिन अडकली तर आपण कुणाची वाट पाहत नाही. मिक्सरचे भांडे गळू लागले तर खालची चकती काढून पाहतो. पण दुर्बीण दिसली की हात मागे येतो, कारण ती ‘शास्त्राची वस्तू’. हा संकोच जावा म्हणून हा लेख. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. वाचन केले, आणि नळी उघडली, इतकेच माझे भांडवल.

दुर्बीण हा शब्द मूळ फारसी. त्याचा अर्थच दूरचे पाहणारी. आता आपण तिच्या तोंडापासून डोळ्यापर्यंत, प्रकाश जातो त्याच वाटेने जाऊ.

पुढचे भिंग

साध्या दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला एक बहिर्गोल भिंग असते. नवशिक्यांच्या दुर्बिणीत त्याचा व्यास बहुधा ६० मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्या आमटीच्या लहान वाटीच्या तोंडाएवढा. याला वस्तुभिंग म्हणतात. याचे काम वस्तू मोठी दाखविणे हे नव्हे. याचे काम प्रकाश गोळा करण्याचे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे ६ मिलिमीटर उघडते. भिंग त्याच्या दहापट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने शंभरपट. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात अधिक साठेल, हे सांगावयास नको. गोळा केलेला हा प्रकाश नळीच्या दुसऱ्या टोकाशी एकत्र येतो आणि तेथे चंद्राचे एक लहानसे, उलटे चित्र तयार होते. दुपारी खोलीत एखादे भिंग भिंतीसमोर धरून मागेपुढे केले, तर समोरच्या खिडकीचे उलटे चित्र भिंतीवर उमटते. तोच हा प्रकार.

ही भिंगे जन्माला आली ती आकाशासाठी नव्हे, चष्म्यासाठी. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाताऱ्यांसाठी चष्मे होऊ लागले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे चष्मेवाल्यांच्या दुकानांत भिंगे होती, पण दुर्बीण झाली नाही. शेवटी १६०८ च्या ऑक्टोबरात हॉलंडमधील मिडलबर्ग गावचा चष्मे करणारा हान्स लिपरशे हा हेग येथील सरकारकडे अर्ज घेऊन गेला, की दूरचे जवळ दाखविणारे साधन मी केले आहे, त्याचा हक्क मला द्यावा. हक्क त्याला मिळाला नाही, कारण थोड्याच दिवसांत दुसरेही पुढे आले आणि “आम्हालाही हे येते” म्हणू लागले. नळीच्या दोन टोकांना दोन काचा, यात लपवून ठेवण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

पुढच्या वर्षी ही वार्ता इटलीत गॅलिलिओच्या कानी गेली. त्याने स्वतः काचा घासून ऑगस्ट १६०९ मध्ये व्हेनिसच्या सभासदांना आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण दिली, आणि जानेवारी १६१० मध्ये वीसपटीच्या दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले. हे सर्व शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ती त्याची बाजाराची यादी! नोव्हेंबर १६०९ च्या एका पत्राच्या कागदावर त्याने व्हेनिसहून आणावयाच्या जिनसा टिपून ठेवल्या आहेत. तीत मसूर, पांढरे हरभरे, तांदूळ, बेदाणे, साखर, मिरी, लवंग, दालचिनी आहे; लहान मुलासाठी टोपी आहे; दोन हस्तिदंती कंगवे आहेत. आणि त्याच यादीत जर्मन काच, आरशाचे तुकडे, घासण्याची भुकटी, राळ, बाजाच्या पेटीची कथलाची नळी आणि तोफेचे दोन गोळेही आहेत. गोळे कशाला? भिंग खोलगट साच्यात घासावे लागते, तो गोल आकार मिळविण्याला. ज्या यादीने घरचा स्वयंपाक व्हावयाचा, तिनेच गुरूचे चंद्र दाखविले. आपल्या घरांत नाही का, एकाच कागदावर गूळ आणि वह्या लिहिलेल्या असतात?

काळी चकती

वस्तुभिंग काढले की आत काळा रंग दिलेली नळी दिसते, आणि तीत मधोमध भोक असलेल्या एक-दोन काळ्या चकत्या. पाहणाऱ्याला वाटते की या कारखान्यातून चुकून राहिल्या असाव्यात. त्यांचीही कथा आहे.

जुन्या काळी भिंग मधल्या भागात बरे घासले जाई आणि कडेला बिघडे. कडेचा प्रकाश भलतीकडे जाई व चित्र पुसट होई. चष्म्याला ते चाले, कारण डोळा एका वेळी भिंगाच्या एवढ्याशा भागातूनच पाहतो. दुर्बिणीत मात्र सगळे भिंग एकदम कामाला लागते. अलीकडच्या काही अभ्यासकांचे म्हणणे असे, की चष्मेवाल्यांच्या हाती भिंगे असूनही तीनशे वर्षे दुर्बीण झाली नाही याचे कारण हेच. भिंगावर मधोमध भोकाची चकती ठेवून कडा झाकली, तेव्हाच चित्र स्पष्ट झाले. गॅलिलिओही आपल्या भिंगावर पुठ्ठ्याची चकती बसवीत असे. प्रकाश कमी झाला तरी चालेल, पण चित्र स्वच्छ हवे, हा तो हिशेब.

आज चकत्यांचे दोन प्रकार आढळतात आणि त्यांतील फरक ओळखला पाहिजे. नळीत दूरवर असलेल्या चकत्या बाजूने येणारा भलता उजेड अडवतात. त्या चांगल्या, त्यांना हात लावू नये. पण अगदी स्वस्त खेळण्यांत भिंगाच्या लगेच मागे लहान भोकाची चकती दडविलेली असते. खोक्यावर भिंग ५० मिलिमीटरचे लिहिलेले, आणि काम करते मधले निम्मे. जो पूर्वी प्रामाणिक उपाय होता, तोच आता वाईट भिंगावरचे पांघरूण झाला आहे. तपासणे सोपे. डोळ्याकडचे भिंग काढून रिकाम्या नळीतून दिवसा आकाशाकडे, सूर्याची दिशा कटाक्षाने टाळून, पाहावे. पुढच्या भिंगाची पूर्ण कडा दिसली तर ठीक. कडेऐवजी काळे कडे दिसले तर खोक्यावरचा आकडा खरा धरू नये.

दोन काचांचा संसार

एका भिंगाचा आणखी एक दोष असतो. पांढरा प्रकाश सात रंगांचा, आणि प्रत्येक रंग काचेतून निरनिराळ्या प्रमाणात वळतो. निळा जवळ एकत्र येतो, तांबडा दूर. त्यामुळे चंद्राच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसते. सतराव्या शतकात याला एकच तोड सुचली. भिंग अगदी सपाट करावे व नळी लांब ठेवावी, म्हणजे दोष कमी जाणवतो. नळी वाढता वाढता कोठवर गेली? डॅन्झिग शहराच्या योहानेस हेवेलियसने १५० फूट लांबीची दुर्बीण उभारली! तिला नळी कसली, लाकडाच्या फळ्या, दोरखंड आणि जहाजासारखी डोलकाठी. जरा वारा सुटला की सगळे हलू लागे.

या हेवेलियसच्या घरात आपण क्षणभर थांबू. १६६३ साली त्याने एलिझाबेथ या आपल्याहून पुष्कळ लहान मुलीशी दुसरा विवाह केला. तिला आकाशाची ओढ होती. ताऱ्यांची स्थाने मोजण्याच्या मोठ्या यंत्रावर एका बाजूला नवरा व दुसऱ्या बाजूला ती, असे चित्र त्याच्या १६७३ च्या ग्रंथातच छापलेले आहे. १६७९ साली आगीत त्यांची वेधशाळा जळाली. दोघांनी पुन्हा उभी केली. १६८७ मध्ये हेवेलियस वारला, आणि त्याचे अपुरे काम पुरे करून दीड हजारांहून अधिक ताऱ्यांची यादी १६९० मध्ये छापवून आणली ती एलिझाबेथने. ग्रंथावर नाव नवऱ्याचे आहे.

रंगांच्या दोषावर खरा उपाय सापडला तो १७३० च्या सुमारास, आणि तो काढणारा होता एक वकील. इंग्लंडच्या चेस्टर मूर हॉलने दोन निराळ्या जातींच्या काचा घेतल्या. एक साधी, व दुसरी शिसे घातलेली जड काच. साध्या काचेचे बहिर्गोल भिंग आणि जड काचेचे अंतर्गोल भिंग एकमेकांना लावले की एकीने पसरलेले रंग दुसरी आवरते. दोघींचे दोष एकमेकांत विरून जातात आणि गुण तेवढा उरतो. संसारातही असे होते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हॉलला हे गुपित ठेवावयाचे होते, म्हणून त्याने दोन भिंगे दोन वेगळ्या दुकानदारांना सांगितली. मौज अशी, की दोघांनीही आपापले काम एकाच कारागिराला दिले! जॉर्ज बास त्याचे नाव. दोन्ही भिंगे एकाच गिऱ्हाइकाची आहेत हे त्याच्या ध्यानात आले, त्याने ती जोडून पाहिली, आणि गुपित संपले. पुढे जॉन डॉलंड या रेशीम विणणाऱ्याच्या कानी ते गेले. त्याने प्रयोग करून १७५८ साली त्यावर आपला हक्क नोंदविला आणि अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाला त्या हक्कासाठी कोर्टात जावे लागले. कोर्टाने मान्य केले की कल्पना आधी हॉलला सुचली, पण निकाल डॉलंडच्याच बाजूने दिला. ज्याने शोध टेबलाच्या खणात कुलूपबंद ठेवला त्याला नव्हे, तर ज्याने तो लोकांपर्यंत पोहोचविला त्याला फळ मिळावे, असा त्या निकालाचा आशय आहे. मला तो निकाल फार आवडतो.

शिशाची काच ओतणे हेही सोपे नव्हते. शिसे जड, ते खाली बसे व काचेत रेघा उठत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्विस कारागीर ग्विनाँ याने पेटत्या भट्टीतील काच पक्क्या मातीच्या दांड्याने सारखी ढवळत ठेवण्याची युक्ती काढली आणि रेघा गेल्या. पिठल्यात गुठळी होऊ नये म्हणून काय करावे हे आपण जाणतोच. काचेला ते कळावयास शंभरावर वर्षे लागली.

आता आपल्या मंडळाच्या दुर्बिणीकडे येते. गाव सोडून गेलेल्या एका कुटुंबाने ती मंडळाला दिली, तेव्हा तिच्यातून चंद्र पाहिला तर तो ताकात बुडाल्यासारखा दिसे. एका दुकानात दाखविली. “भिंग गेले, नवीच घ्या,” असा सल्ला मिळाला, आणि भंगारात देण्याचे जवळजवळ ठरले. त्याआधी एकदा उघडून तरी पाहू, म्हणून आम्ही चौघींनी सतरंजीवर जुने धुतलेले लुगडे पसरले आणि पुढचे कडे फिरवून काढले. भिंगाला कसलाही तडा नव्हता. मग आम्ही एक परीक्षा केली. भिंगाच्या एका बाजूवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले, मग दुसऱ्या बाजूवर. फुगीर बाजूवर प्रतिबिंब लहान दिसते. जवळजवळ सपाट बाजूवर ते आरशातल्यासारखे मोठे दिसते. या जातीच्या जोडभिंगात फुगीर बाजू आकाशाकडे व सपाट बाजू आत असावी लागते. आमच्या नळीत नेमके उलटे होते! पूर्वी कुणी तरी पुसण्यासाठी काढले असावे आणि बसविताना फिरले असावे. जोडी तशीच एकत्र उचलून उलटवली, कडे बसविले. त्या रात्री चंद्राच्या कडेवरचे डोंगर सुरीने कापल्यासारखे दिसले, आणि पुढे गुरूशेजारचे चार ठिपकेही. खर्च काहीच आला नाही.

येथे एक सूचना. जोडीतील दोन काचांच्या मध्ये कडेला पातळ पत्र्याचे तीन इवलेसे तुकडे असतात. ते कचरा म्हणून झटकू नयेत. दोन काचांत नेमके अंतर राखण्याचे काम त्यांचे आहे. काचा वेगळ्या करावयाच्या नाहीत, आणि करावयाच्याच झाल्या तर आधी दोघींच्या कडेवर पेन्सिलीने एकच रेघ ओढून ठेवावी.

डोळ्याकडचे भिंग

नळीच्या मागच्या टोकाला दांड्याच्या चाकावर पुढेमागे सरकणारी लहान नळी असते, आणि तीत नेत्रिका बसते. वस्तुभिंगाने तयार केलेले इवलेसे चित्र मोठे करून पाहावयाचे, एवढेच तिचे काम. गॅलिलिओ येथे अंतर्गोल भिंग वापरी. त्यातून चित्र सुलटे दिसे, पण किल्लीच्या भोकातून पाहावे तसे लहानसेच आकाश दिसे. १६११ साली योहान केप्लरने पुस्तक लिहून सांगितले की येथेही बहिर्गोल भिंग लावावे. चित्र उलटे दिसेल, पण आकाश मोठे दिसेल. आजची दुर्बीण ही केप्लरचीच. म्हणून तिच्यातून चंद्र उलटा दिसला तर ती बिघडलेली नाही. चंद्राला डोके व पाय कोठले! मध्ये तिरपा आरसा असलेला कोपरा लावला म्हणजे मान न मोडता पाहता येते. मात्र त्याने डावे-उजवे बदलते.

नेत्रिकेवर बारीक अक्षरे असतात. इंग्रजी ‘एच’ म्हणजे हॉलंडचा ख्रिस्तियान हायगेन्स. शनीचे कडे हे कडे आहे, हे प्रथम त्याने ओळखले. १६६० च्या सुमारास त्याने दोन साध्या भिंगांची नेत्रिका केली, तीच आजही स्वस्त दुर्बिणींत सापडते. ‘आर’ असेल तर तो जेसी रॅम्सडेन. त्याने आपली रचना १७८३ मध्ये प्रसिद्ध केली. या रॅम्सडेनला डॉलंडची मुलगी सारा दिली होती, आणि हुंडा म्हणून मिळाला तो जोडभिंगाच्या हक्कातील वाटा! साराच्या वाट्याला त्यातले काय आले, ते कुणी लिहून ठेवले नाही.

नेत्रिकेवरचा आकडा तिचे केंद्रांतर सांगतो, आणि येथे साध्या भागाकाराने फसवणूक ओळखता येते. पुढच्या भिंगाचे केंद्रांतर ७०० आणि नेत्रिकेचे २० असेल तर ७०० भागिले २०, म्हणजे ३५ पट. ४ ची नेत्रिका लावली तर १७५ पट. तिच्यासोबत तिप्पट करणारे एक लांबट नळकांडे देतात, त्याचे मूळ १८३० च्या दशकातील पीटर बार्लोच्या भिंगात आहे. ते जोडून खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात: ५२५ पट! पण ६० मिलिमीटरचे भिंग फार तर १२० पटीपर्यंत चांगले चालते, म्हणजे व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट. त्यापुढे दूध तेवढेच आणि पाणी वाढत जाते. चित्र मोठे होते, पण अंधुक व पुसट. तिसऱ्या रात्री दुर्बीण माळ्यावर जाते ती बहुधा या पाचशे पंचविसापायी. नेहमी २० ची नेत्रिका लावून आरंभ करावा. शनीचे कडे पाहावयास शंभरपटही लागत नाही.

शेण, चाळणी आणि कॅरोलिन

काही दुर्बिणींत पुढे भिंग नसतेच. तळाशी एक अंतर्गोल आरसा असतो, तोंडाशी एक लहान तिरपा आरसा, आणि नेत्रिका नळीच्या कुशीला. ही न्यूटनची रचना. रंगांचा दोष भिंगाला कधी सुटणार नाही अशी त्याची समजूत झाली, म्हणून १६६८ साली त्याने काच टाळून आरसा वापरला. आरशात सर्व रंग सारखेच परततात. त्याची दुर्बीण वीतभरसुद्धा नव्हती. आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता, आणि तो लवकर काळवंडे, आपल्या पितळी समईसारखा.

या आरशांना मोठे केले विल्यम हर्षलने, आणि त्याच्यासोबत त्याच्या बहिणीने. कॅरोलिनचा जन्म १७५० चा, हॅनोव्हर शहरातला. लहानपणीच्या तापाने तिची वाढ खुंटली, उंची सव्वाचार फुटांवर गेली नाही. हिचे लग्न होणार नाही, तेव्हा ही घरची मोलकरीण म्हणून राहील, असे आईने ठरविले होते. १७७२ मध्ये भाऊ तिला इंग्लंडात बाथ येथे घेऊन आला. तेथे ती गायन शिकली, मैफली गाजवू लागली. पण भावाला दुर्बिणींचे वेड लागले आणि घराचा कारखाना झाला. ओतीव आरशाचा साचा घोड्याच्या लिदीचा असे. ती लीद खलात कुटून बारीक चाळणीने चाळण्याचे काम कॅरोलिनचे. आरशाला झिलई देताना हात थांबला तर आकार बिघडे. एकदा विल्यम सोळा तास उठला नाही, तेव्हा ती घास त्याच्या तोंडात भरवीत होती. मार्च १७८१ मध्ये त्याला नवा ग्रह सापडला, युरेनस. साऱ्या जगात त्याचे नाव झाले.

रात्री विल्यम दुर्बिणीशी आणि कॅरोलिन लेखणी घेऊन टिपणाशी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १७८३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री बर्फातून धावताना दुर्बिणीचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला व मांस तुटले. ती बरी होऊन पुन्हा कामाला लागली. १ ऑगस्ट १७८६ रोजी भाऊ परगावी असताना तिने स्वतःच्या लहान दुर्बिणीतून धूमकेतू शोधला, आणि पुढे असे एकूण आठ. १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला. स्वतःच्या कष्टाचा पैसा प्रथमच हाती आल्याचा आनंद तिने लिहून ठेवला आहे. १८२८ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले, तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. त्यानंतर ते पदक दुसऱ्या एखाद्या स्त्रीला मिळाले ते १९९६ मध्ये, व्हेरा रुबिन यांना. मध्ये गेली १६८ वर्षे. लीद चाळणारे हात तेवढ्या काळात कमी नव्हते. पदक देणाऱ्यांची नजर तेथवर गेली नाही.

धातूचे आरसे गेले आणि काचेवर चांदी चढविलेले आरसे आले ते १८५७ च्या सुमारास, फ्रान्समध्ये फूकोच्या प्रयत्नाने. अमेरिकेत जॉन ब्रॅशिअर नावाचा गिरणीतला कारागीर दिवसभर राबून रात्री पत्नी फीबी हिच्यासह आरसा घाशीत असे. बारा इंची आरसा चांदी चढविताना तडकला, आणि तो हताश होऊन निजला. दुसऱ्या दिवशी कामावरून परत येतो तो फीबीने कारखान्यातले बंब पेटवून, यंत्राला तेल देऊन, नवी काच जागी बसवून ठेवलेली! पुढे ब्रॅशिअरने साखर वापरून चांदी चढविण्याची जी पद्धत १८८० मध्ये प्रसिद्ध केली, ती जगभर चालली. १९३० च्या दशकात चांदीच्या जागी ॲल्युमिनियम आले. हा लेप आरशाच्या पुढच्या अंगावर असतो, म्हणून ड्रेसिंग टेबलासारखा तो पदराने पुसू नये. थोडी धूळ खुशाल राहू द्यावी.

आपल्याकडेही मोठा आरसा आला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिच्या दुर्बिणीचा आरसा २० इंची होता. १९१२ साली ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. सामान्य माणसांनी आकाश पाहावे म्हणून पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आणि सॅन फ्रान्सिस्कोत वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून राहिलेल्या जॉन डॉब्सनने जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून, पुठ्ठ्याच्या नळीत व लाकडी खोक्यात बसवून दुर्बिणी केल्या. मठ सोडावा लागल्यावर १९६८ पासून तो आपल्या सोबत्यांसह रस्त्याच्या कडेला त्या मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवू लागला. लिपरशेच्या नळीप्रमाणे यातही लपवावे असे काही नव्हते.

शेवटी दोन शब्द

सर्वांत महत्त्वाचे ते शेवटी सांगते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि मुलांना दिवसा दुर्बिणीशी एकटे सोडू नये. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेला लावावयाची काळी काच मिळत असे. उष्णतेने ती तडकते, आणि डोळा क्षणात कायमचा जातो. घरात अशी काच असेल तर ती आजच फोडून टाकावी.

दुसरे असे, की चंद्र पाहावयाचा तो पौर्णिमेला नव्हे. तेव्हा त्याच्यावर सरळ ऊन असते, सावल्या नसतात, आणि तो नुसता चकचकीत दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडतात. तेव्हा आकाश निरभ्र असेल त्या शुक्ल अष्टमीला रात्री आठ वाजता मंडळाच्या गच्चीवर दुर्बीण मांडलेली असेल. ज्यांच्या माळ्यावर अशी नळी आहे त्यांनी ती घेऊन यावी. एक मऊ धुतलेले फडके, एक पेन्सिल आणि घरातली मुलगी किंवा नात सोबत आणावी. स्क्रू तिला काढू द्यावेत.